एकोणिसावा घाणा

९ मार्च

प्रिय धाकट्या,

दोन महिने झाले, तुझ्या दोन पत्रांना माझं उत्तर नाही. माफ कर. कारणं आहेत, पण ती लिहायला घेतली की माझी मलाच पटत नाहीत. वेळ नव्हता असं म्हणवत नाही. बसायचे, पेन हातात घ्यायचे, तेवढ्यात बाबांचं औषध नाहीतर भिजवलेले कपडे आठवायचे, आणि उठावं लागलं याचं मला बरंच वाटायचं. फोनवर आपण बोलतो ते काही बोलणं नव्हे. फोन स्पीकरवर, बाबा कानामागे हात धरून बसलेले. तू म्हणतोस सगळं छान, मी म्हणते सगळं छान. खरं काय ते पत्रात, आणि पत्र तुझे डबे आणणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती, हा नियम मीच केला आणि मीच मोडला.

तर खरं ते असं. बाबा जानेवारीच्या शेवटी न्हाणीघरात पडले. फोनवर मी "जरा पाय मुरगळला" म्हणाले, कारण ते समोर होते. हाड मोडलं नाही, पण उजव्या पायावर ते भार टाकत नाहीत. उठायला, बसायला, कूस बदलायला मी लागते. दुपारी दोन ते पाच शेजारच्या काकू विणकाम घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसतात. तेवढ्या तीन तासांत मी शेत, ट्रॅक्टर आणि शेड उरकते. काकू नसत्या तर काय केलं असतं, हा विचार मी करत नाही. तोही करायला दुपार लागते.

तुझ्या कँटीनमधल्या तळणाच्या तेलाचे चार डबे पोचले. त्यातून इंधनाचा एकोणिसावा घाणा निघाला. (मी पहिल्यांदा 'बॅच' म्हणाले होते तेव्हा तू हसला होतास. कढईतून निघतं त्याला घाणा म्हणतात, पिंपातून निघालं म्हणून काय झालं, म्हणे.) तेल गाळून, पाणी उडेपर्यंत तापवलं. मेथॅनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून ते तेलात घातलं, तासभर ढवळलं, दुसऱ्या दिवशी तळाचं ग्लिसरीन काढून वरचं इंधन पाण्याने धुतलं. चाचण्या वगैरे नेहमीसारख्याच. नमुन्याची बरणी चिठ्ठी लावून फळीवर ठेवली. तेल या खेपेला जरा गडद वाटलं. कँटीनमध्ये हल्ली कढईतलं तेल उशिरा बदलतात का? सहज विचारते.

आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीत अठराव्यातलं अजून आहे, म्हणून हा अख्खा घाणा शेजारच्या काकांना दिला. त्यांच्या कोबीचे गड्डे भरायला लागलेत, आता पाण्याचा खाडा चालणार नाही. खोकल्या रोज सकाळी सहाला खोकतो. काकांच्या ओढ्यावरच्या पंपाच्या इंजिनाला हे नाव तू ठेवलंस, ते आता काकूसुद्धा वापरतात. बाबा त्याच्यावर घड्याळ लावतात. काका म्हणाले, "पोरी, सगळी वस्ती तुझ्या तेलाला हसते. हसू दे. आमच्या खोकल्याला ते मानवतं. फक्त सुरू केला की तळणाचा वास येतो आणि मला भूक लागते, एवढाच त्रास."

तुझ्या हाताच्या भाजल्याचं काय झालं? लिहिलं नाहीस.

तुझी,
ताई


२१ मार्च

ताई,

"जरा पाय मुरगळला" ऐकलं तेव्हाच समजलो होतो. लहानपणापासून बघतोय, लपवायचं असलं की तू 'जरा' म्हणतेस. माझ्या वाढदिवसाच्या सायकलीचं चाक मोडलं होतंस तेव्हाही ते "जरा वाकलं" होतं.

बाबांचं वाचून वाईट वाटलं. मी तिथे नाही हे तू लिहिलं नाहीस, त्याने जास्त वाईट वाटलं. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. एवढ्यात यायला जमेलसं दिसत नाही. सुट्टीची बोंब आहे.

कँटीन मजेत. मॅनेजर तसाच आहे, टक्कल वाढत चाललंय, अक्कल आहे तेवढीच. तेल गडद असेल, नवा आचारी आलाय, त्याचा हात जड आहे. हात बरा आहे, म्हणजे माझा.

एक विचारू? ती गुलाबी रंगाची चाचणी तू दर घाण्याला करतेस ना? म्हणजे डबे माझेच असले तरी? करत जा बाई. आठवण केली आपली. तुला शिकवणारा मी कोण, मी रसायनात दोनदा नापास.

ट्रकवाल्याकडे आणखी दोन डबे दिलेत. तीनदा गाळलंय, आठवडाभर निवळू दिलंय, वरचं वरचंच भरलंय. काकूंना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, मला एक कानटोपी विणा, टकलाची लागण मलाही झालीय.

धाकटा


३ एप्रिल

प्रिय धाकट्या,

खोकल्या बंद पडला.

गेल्या गुरुवारी सकाळी सहाला तो दोनदा खोकला, पांढरा धूर टाकला आणि थांबला. बाबा आतून म्हणाले, "आज काका उठला नाही का?" मी शेडच्या दारातून पाहिलं तर काका हँडल मारत होते. सत्तरीचा माणूस, पाय रोवून, परत परत. मी धावत गेले, मीही मारलं. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. कोबीच्या निम्म्या वाफ्यांत पाणी पोचलं होतं, निम्मे कोरडे.

दुपारी मिस्त्री आला. त्याने नळी सोडवून पाहिली, तेलाच्या पंपाला कान लावल्यासारखं केलं, काकांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं आणि म्हणाला, "आजोबा, हा तुमच्याहून म्हातारा. तेल पुढे ढकलतच नाही. पंप झिजला, आणि याचे भाग आता कुठे मिळायचे? भंगारात द्या." काकांनी इंजिनावर हात ठेवला. म्हणाले, "बरोबर आहे. एकेकाचा एकेक दिवस असतो." मला म्हणाले, "तू कशाला रडवेली होतेस? तुझ्या तेलावर वर्षभर जास्तच चालला तो."

हे वाक्य मला जेवू देत नाही.

आता तुला सांगते, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि काकांना सांगायची हिंमत झालेली नाही. एकोणिसाव्या घाण्याची चाचणी मी केली नव्हती. "नेहमीसारख्याच" असं तुला लिहिलं, ते खोटं. तेल गुलाबी व्हायला कॉस्टिकचं पाणी किती लागतं, तो तुझ्या डब्यांचा आकडा गेलं दीड वर्ष 'दोन' येतो. कधी थोडा वर, कधी थोडा खाली. त्या दिवशी काकूंना डोळे तपासायला जायचं होतं, मला तीन तासांऐवजी एकच मिळाला. वही उघडली, अठराव्याचा आकडा पाहिला, मनात म्हटलं, धाकट्याचं तेल, त्याच कढईतलं. आणि तोच उतरवून घेतला. कॉस्टिक त्याच मापाने घातलं. माझ्या अक्षरात लिहिलेला तो 'दोन' इतर आकड्यांइतकाच प्रामाणिक दिसतो.

पुढेही इशारे मिळाले. तळाला ग्लिसरीन कमी बसलं. धुताना पाणी वेगळं होईना, पिंपात साबणासारखा पांढरा चिकटा झाला. अठरा घाण्यांत असं कधी झालं नव्हतं. मी तो दोन दिवस निवळू दिला, वरचं इंधन काढलं आणि तापवून कोरडं केलं. तेव्हा मला काय वाटत होतं, हे आठवायचा मी प्रयत्न करते. कळलं नव्हतं असं म्हणता येत नाही. कळून घ्यायचं नव्हतं. बाबांना अंघोळ घालायची होती.

काल फळीवरची बरणी उतरवली. तळाशी करंगळीच्या पेराएवढा तपकिरी थर बसलाय. हाच थर काकांच्या इंजिनात गेला.

आपल्या ट्रॅक्टरला पंप जोडून मी दिवसाआड त्यांच्या कोबीला पाणी देते. कोबी वाचेल. काका भेटेल त्याला सांगतात, पोरीने वाचवला. मी खाली मान घालून नळी गुंडाळते.

तुला दोष नाही. डबे नेहमीसारखेच होते, चुकले मी. तू विचारलं होतंस, चाचणी करतेस ना. ते पत्र आलं तेव्हा इंधन काकांच्या टाकीत होतं. तरी तेव्हा उठून सांगता आलं असतं. खोकल्या तेव्हा चालत होता.

ताई


१२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना, म्हणून लिहायला बसलो.

डबे नेहमीसारखे नव्हते.

कँटीन डिसेंबरातच बंद झालं. कारखान्याने बाहेरून जेवणाचे डबे मागवायला सुरुवात केली, आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं करून आभार मानले आणि घरी पाठवलं. मॅनेजरलाही. त्याच्या टकलाची थट्टा केली ती आठवणीतली. बिचारा आता कुठे आहे मला माहीत नाही. मी बसथांब्यासमोरच्या तळणाच्या गाडीवर लागलो. दिवसभर उभा असतो. मालक तेल बदलत नाही, नुसतं वाढवतो. कढईत पहिल्या दिवसाचं तेल अजून आहे असं आम्ही म्हणतो, आणि ते खोटं नसावं. हात तिथेच भाजला.

कँटीनचं उरलेलं तेल आधीच्या खेपेपर्यंत पुरलं, मग हे गाडीवरचं मी तुला पाठवलं. आधी कपड्यातून गाळलं, मग आणखी बारीक कपड्यातून, मग निवळू दिलं आणि वरचंच भरलं, म्हणजे कँटीनच्या तेलासारखं दिसावं. गडद वाटलं तर आचाऱ्यावर ढकलायचं असं आधीच ठरवलं होतं. नवा आचारी वगैरे कुणी नाही. तो मीच.

का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू "घरी ये" म्हणाली असतीस. मी आलो असतो. मग घरात एक म्हातारा, एक दमलेली, एक बेकार. बाबांनी विचारलं असतं, "कँटीन कसं आहे?" रोज. आणि दुसरं म्हणजे, ते डबे. तू बाबांना उचलतेस, शेत बघतेस, मी काय करतो? महिन्याला चार डबे तेल. तेवढंच माझं घर होतं ताई. तेही बंद करायचं?

तुला चाचणीचं विचारलं ते या भीतीनेच. सरळ सांगायची छाती नव्हती, म्हणून कोपरखळी मारली. वरातीमागून घोडं.

आता ऐक. काकांना सांगू नकोस. इंजिन म्हातारं होतंच. मिस्त्री म्हणतो झिजलं, काका म्हणतात झिजलं, सगळ्यांना पटलंय, तूच कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? काकू यायच्या बंद झाल्या तर बाबांजवळ कोण बसणार? मी तर नाही, हे सिद्धच झालंय. दुसरी काकू बाजारात मिळत नाही.

हे लिहिलं खरं, पण तू सांगणार हेही मला माहीत आहे. तुला सायकलीचं चाकसुद्धा दोन दिवसांच्या वर लपवता आलं नव्हतं. मग निदान एक कर. तेल माझं होतं, हे सांग. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन थोर होऊ नकोस. ती तुझी जुनी खोड आहे आणि तिचा राग येतो.

धाकटा


१८ एप्रिल, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

पत्र काल मिळालं. आधी राग आला. तो तुझ्यावर आहे की माझ्यावर हे ठरवेपर्यंत बाबांच्या जेवणाची वेळ झाली, आणि मग तो राग गार वरणासारखा बाजूला पडून राहिला. दमलेल्या माणसाला रागावणंही पुरं करता येत नाही.

आज दुपारी तू नंतर पाठवलेल्या दोन डब्यांतलं तेल घेतलं आणि चाचणी केली. थेंब थेंब टाकत गेले. दोनावर रंग आला नाही. तीनावर नाही. साडेचारला गुलाबी टिकला. म्हणजे मी घातलेल्या कॉस्टिकचा बहुतेक भाग त्या जळक्या तेलाचा आंबटपणा मारण्यातच संपला, तेलाचं इंधन करायला फारच थोडं उरलं. तू कितीही गाळलंस तरी हे कपड्यात अडकणारं नव्हतं. आणि त्या दिवशी मी दहा मिनिटं दिली असती तर ते मला तुझ्याआधी या तेलाने सांगितलं असतं. तुझ्या आणि माझ्या वाट्याची मी बराच वेळ वजाबाकी करत होते. मग सोडून दिली. तुझं म्हणणं मान्य आहे, तुझं तेल मी माझ्या नावावर घेणार नाही. पण वहीतला 'दोन' माझाच आहे, तोही तुला देणार नाही.

आता जे घडलं ते. सकाळी मी मिस्त्रीच्या दुकानात गेले. आडून विचारलं, एखाद्या इंजिनाचा पंप झिजला नसेल, नुसता चिकटला असेल तर? तो हात पुसत म्हणाला, "चिकटला असेल तर निराळं. खोलायचा, दोन दिवस भिजत घालायचा, धुवायचा, नोझल साफ करायचं. चालतो." मी म्हटलं, मग खोकल्याचा खोलून का नाही पाहिला? तर म्हणाला, "मी विचारलं की आजोबांना. म्हटलं, ते घरचं तेल तर घालत नव्हतात ना? ते म्हणाले छे, डिझेलच घालतो, विकतचं. डिझेलने कशाला चिकटेल? मग वयच, दुसरं काय."

धाकट्या, मी दुकानाच्या पायरीवर बसले. 

काकांनी खोटं सांगितलं. माझ्या तेलाला हसणाऱ्या वस्तीला आणखी एक कारण मिळू नये म्हणून. म्हणजे त्यांना संशय होता? की नुसतं सवयीने माझी बाजू घेतली? मला ठाऊक नाही. "तुझ्या तेलावर वर्षभर जास्तच चालला" हे ते कुठल्या मनाने म्हणाले, ते आता शंभरदा आठवूनही कळत नाही. पण एवढं कळतं की त्या एका उत्तरामुळे मिस्त्रीने पंप खोलला नाही, आणि एक बरं होऊ शकणारं इंजिन मेलेलं ठरलं.

आणि उद्या ते जाणार आहे. काकूंनी आज विणता विणता सांगितलं. भंगारवाला उद्या नऊला येतोय. कोबी निघाला की काका पुढचं पीक लावणार नाहीत. शेत दुसऱ्याला कसायला देऊन दोघं मुलीकडे राहायला जातील. "ह्यांचं मन उडालं गं," म्हणाल्या. "सकाळी सहाला उठतात आणि नुसते बसतात. म्हणतात, खोकल्या गेला, आता माझा नंबर." तुझी कानटोपी निम्मी झाली आहे. रंग मातकट आहे, पण मी काही बोलले नाही.

म्हणजे बघ माझी गंमत. सांगितलं तर काकू रागाने जातील, नाही सांगितलं तर प्रेमाने जातील. हे लक्षात आल्यापासून मी आणखीच अडकले. आता सांगायला निघाले तर ते खरेपणासाठी, की दुपारचे तीन तास वाचावेत म्हणून? दोन्ही असावं. आधी वाटलं होतं, मन स्वच्छ झालं की जाईन. पण तोवर भंगारवाल्याच्या गाडीत इंजिन चढलेलं असेल. माझं मन काकांच्या पंपाच्या आधी धुऊन निघायला हवं, असा काही नियम नाही.

बाबांनी मात्र आज मला हरवलं. त्यांना खोकल्याचं नीट सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे रोज सकाळी विचारतात आणि मी म्हणते, "जरा दुरुस्तीला काढलाय." आज सकाळी म्हणाले, "तीन आठवडे? मिस्त्री काय इंजिनाला शाळेत घालतोय?" मी हसले. मग त्यांनी माझा हात धरला, उठण्यासाठी धरतात तसा नाही, आणि म्हणाले, "काय मोडलंस?" सायकलीच्या वेळी विचारलं होतं तसंच, त्याच आवाजात. मी सगळं सांगितलं. तुझ्या कँटीनचंही सांगितलं, ते विचारून करायला हवं होतं, माफ कर. माझा हात सोडून त्यांनी पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "धाकट्याला म्हणावं, तळणाच्या गाडीवर माणसं उभी राहून खातात. कँटीनपेक्षा ती ओळख चांगली." आणि मग, "काकाला मी सांगू का?" मी नाही म्हटलं.

तुला घरी ये म्हणणार नाही. यावंसं वाटलं तर ये, पण माझ्या म्हणण्यावरून नको. डबे मात्र थांबवू नकोस. काळं तेल पाठव, गाळू नकोस इतकं, पण काळं म्हणूनच पाठव. चिठ्ठीवर लिही, गाडीवरचं, इतक्या दिवसांचं. त्याचंही इंधन होतं. कॉस्टिक जास्त लागतं, माल कमी निघतो, दोनदा धुवावं लागतं, एवढंच. आणि हाताला काय लावतोस ते लिही. 'बरा आहे' हे तुझं 'जरा' आहे.

एकोणिसाव्या घाण्यासमोरचा 'दोन' मी खोडला नाही. त्याच्याशेजारी लिहिलं, चाचणी केली नाही. बरणी पुसून दाराशी ठेवली आहे. काका काय म्हणतील याची चार उत्तरं मी मनात तयार केली आणि चारही माझ्या सोयीची निघाली, म्हणून तयारी थांबवली. हे पत्र ट्रकवाला सोमवारी नेईल, म्हणजे तुला ते कळायला वेळ लागेल. मलाही अजून ठाऊक नाही, तेव्हा आपण सारखेच.

वहीत उद्याच्या पानावर एकच ओळ लिहिली आहे: सकाळी सहाला, भंगारवाला येण्याआधी, बरणी घेऊन काकांकडे जाणे.